मेसाईचा उजवा खांदा

दाणे चिकटवून तेवीस मिनिटं झाली, तरी मेसाई काही बोलायला तयार नव्हती.

बंकट गुरवानं आपलं काम चोख केलं होतं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या शेंदरात ज्वारीचा एकेक दाणा टेकवला, प्रश्न मोठ्यानं सांगितला आणि हात जोडून तो बाजूला सरला. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. सावरवाडीत हा कायदा निजामाच्या आधीपासून चालू होता आणि त्याला अजून एकही दुरुस्ती सुचवली गेली नव्हती. कौल लागेपर्यंत शिंकायचं नाही, खोकायचं नाही, आणि पंखा बंद. पंखा शिवशंकरनं अर्पण केलेला. तिन्ही पात्यांवर त्याचं नाव लाल रंगात लिहिलेलं होतं. पंखा फिरताना ते कुणाला वाचता येत नसे, त्यामुळे कौल लागायला वेळ लागला की त्याची फारशी तक्रार नसायची.

आज मात्र होती.

"बंकट, शेंदूर लई घट्ट झालाय का रे?" गहिनीनाथ अण्णांनी दबक्या आवाजात विचारलं.

"शेंदूर तोच हाय अण्णा. प्रश्न घट्ट हाय."

प्रश्न शिवशंकरचा होता. घरानं सावरवाडी सोडून बीडला राहायला जावं का? दिवाळीच्या फराळाला पक्षाचे साहेब त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "शिवा, तू नजरेसमोर पाहिजेस." साहेब हे त्या दिवशी चाळीस जणांना म्हणाले होते. एकोणचाळीस जण ते चकलीबरोबर विसरले. शिवशंकरनं चौथ्या दिवशी बीडमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट पाहिला. त्याच्या गॅलरीतून साहेबांच्या बंगल्याचं फाटक दिसायचं. बंगला दिसत नव्हता, मध्ये चिंच होती. पण फाटकावरचा वॉचमन अगदी स्पष्ट दिसायचा. सात वर्षांपूर्वी सरपंचकीला अकरा मतांनी पडल्यापासून गाव आपल्याला पुरत नाही, असं त्याचं ठाम मत झालं होतं. सोमवारी सामान हलवायचं ठरलं होतं. फक्त देवीची सही बाकी होती.

त्याच्या वडिलांना, अण्णांना, जायचं नव्हतं. पण ते तसं म्हणत नव्हते. कड्याच्या साखर कारखान्यात तीस वर्षं नोकरी केलेला माणूस मुख्य विषयावर थेट बोलत नाही. ते नुसतंच म्हणत होते, "तिसऱ्या मजल्यावर माझ्या गुडघ्याचं बघा बाबा."

"लिफ्ट हाय अण्णा."

"लाइट गेल्यावर?"

"जनरेटर हाय."

"जनरेटरचा आवाज मला सोसत न्हाई," अण्णा म्हणाले. तीस वर्षं ते गाळपाच्या भोंग्यावर उठत आले होते.

शिवशंकरची बायको संगीता खांबाला टेकून सगळ्यांच्या मागं बसली होती. कौल लागायच्या आधी गाभारा धुवायचं काम तिचं. प्रश्न विचारायचं काम तिचं नव्हतं. या घरात सून म्हणून येऊन तेवीस वर्षं झाली, तेवढ्या काळात तिनं हा गाभारा कितीदा धुतला याची गणती नाही. देवीला मात्र ती एका शब्दानं काही बोलली नव्हती.

आज बोलावं असं तिला फार वाटत होतं.

दिवाळी झाली की निम्मं सावरवाडी कोयते बांधून ऊसतोडीला जातं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नाही त्यांची लेकरं गावातच, शाळेच्या दोन खोल्यांमध्ये राहतात. हंगामी वसतिगृह म्हणतात त्याला. यंदा त्रेचाळीस लेकरं होती. पहिल्याच आठवड्यात तिथल्या स्वयंपाकाच्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, आणि हेडमास्तर मोहनराव दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, दोन दिवस निभावून न्या."

त्या दोन दिवसांचे आज एकोणीस झाले होते. तिनं हे घरात सांगितलं होतं. म्हणजे ती बोलली होती. ऐकलं कुणीच नव्हतं. शिवशंकरचा समज होता की ती बचत गटाच्या बैठकीला जाते. बचत गटाची बैठक रोज साडेचार ते आठ कशी चालते, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. कारण त्याच्या स्वतःच्या बैठका त्याहून लांब चालायच्या आणि त्यातूनही काही निघत नसे.

काल त्या बाईंचा फोन आला. त्या आता लेकीकडंच राहणार होत्या. मोहनराव म्हणाले, "गुढीपाडव्यापर्यंत तुम्हीच घ्या वहिनी. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, न्हाईतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

ती संध्याकाळ आजची होती. संगीतानं दाण्यांकडं पाहिलं. दोन्ही दाणे घट्ट होते. 'बाई गं,' ती मनात म्हणाली आणि पुढं काय म्हणावं ते तिला सुचेना. सवय नव्हती.

तेवढ्यात दाणा पडला.

"उजवा!" बंकट ओरडला. "उजवा कौल! देवीचा हुकूम झाला, बीडला जावा!"

शिवशंकरनं मोबाइल काढला. साहेबांच्या पीएला कळवायचं होतं. संगीतानं पदर खोचला, आता उठायचंच होतं. अण्णांनी गुडघा चोळायला सुरुवात केली.

"पण तो डावा खांदा आहे," वैष्णवी म्हणाली.

वैष्णवी म्हणजे शिवशंकर-संगीताची लेक. बीडला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि सुट्टीला आली होती. अशा वेळी शिकलेल्या लेकी घरात नसाव्यात असं बंकटचं जुनं मत होतं.

"ह्यो बघ, ह्यो उजवा," बंकट आपला उजवा हात वर करत म्हणाला.

"तो तुमचा उजवा, काका. तुम्ही देवीकडं तोंड करून उभे आहात. देवीचा उजवा तिकडं. देवीचा तर डावा दाणा पडला."

"डाव्या-उजव्यात तुला काय कळतं गं?"

"आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं. पेशंटची बाजू म्हंजे पेशंटची बाजू, बघणाऱ्याची न्हाई. उजवा पाय सांगितला आन् आपल्या उजवीकडचा धरला, तर माणूस चांगला पाय घालवून बसंल."

"देवी काय पेशंट हाय का?" शिवशंकर गरजला.

"पेशंट नाही म्हणूनच म्हणते. पेशंट निदान ओरडतो तरी."

बंकटनं देवीकडं पाहिलं, स्वतःच्या हाताकडं पाहिलं, मग पाठमोरा उभा राहून पुन्हा हाताकडं पाहिलं. त्याचा चेहरा पडला.

"माझा बाप असंच वाचायचा," तो म्हणाला. "त्याचा बापबी असंच वाचायचा."

"कुणी कधी देवीला विचारलं, कोणती बाजू म्हणून?"

"इचारायचं म्हनलं तर कौलच लावावा लागंल की. आन् तो कोन्या बाजूनं वाचायचा?"

कायदा इथंच संपत होता.

गहिनीनाथ अण्णांच्या गुडघ्याला मात्र एकाएकी आराम पडला. ते ताठ बसले. "पोरगी शिकली, घराचं कल्यान झालं. देवी न्हाई म्हनतीय शिवा. आपन कोन तिच्या म्होरं?"

"अण्णा, एवढी वर्षं आपन असंच वाचत आलो!"

"एवढी वर्षं चुकत आलो, असं म्हन."

"चाँदभाईला इचारा," बंकट म्हणाला. आपल्या खांद्यावरचं ओझं दुसऱ्या कुणावर तरी जावं असं त्याला वाटत होतं.

चाँदभाई बाहेर पायरीवर बसून केव्हाची वाट पाहत होता. सीताफळांचा व्यापारी, अण्णांचा शाळेपासूनचा दोस्त. अण्णांच्या बांधावरची शेवटची सीताफळं टेम्पोत भरून त्याला पाटोद्याला जायचं होतं.

"चाँद, तू परका मानूस. तू सांग," अण्णांनी सगळं समजावून झाल्यावर म्हटलं.

"परका? साठ वर्षं तुझ्या घरची भाकर खातोय, आन् आज परका झालो बे?"

"बरं, घरचा. सांग आता."

चाँदभाईनं दाढी खाजवली. "टेम्पोची उजवी बाजू म्हंजे ड्रायव्हरची उजवी. समोर उभा ऱ्हाऊन बघनाऱ्याची न्हाई. आता हितं गाडी कोन चालवतंय, ते तुमी ठरवा. मी क्रेट मोजून घेतो."

आणि तो खरंच क्रेट मोजायला गेला. निकाल लागला होता.

इतका वेळ सुंदरबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. या घरातली सगळ्यात थोरली बाई. म्हणजे वयानं अण्णाच थोरले होते, पण ते कुणी मनावर घेत नसे. त्यांनी हातातली वात पुरी केली आणि सहज विचारावं तसं विचारलं.

"अवो, आपल्या लग्नाचा कौल कोन्या अंगाला पडलता?"

"उजव्या!" अण्णा खुशीत म्हणाले. "लगीच पडलता. दोन मिन्टात."

"कुनाच्या उजव्या?"

अण्णांनी आपला उजवा हात वर केला, मग डावा.

"म्हंजे देवी म्हनलीती की ह्या पोराला पोरगी देऊ नका," सुंदरबाईंनी दुसरी वात घेतली. "आन् मी एकावन्न वर्षं तुमच्या भाकरी थापतीय."

वैष्णवीनं ओढणीत तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते.

इथून पुढं घरात ज्या वेगानं पक्षांतरं झाली, तशी साहेबांच्या पक्षातही कधी झाली नव्हती.

पहिले अण्णा फुटले. "बंकट म्हनतो तेच खरं," ते घाईघाईनं म्हणाले. "परंपरा म्हनून काई चीज असती का न्हाई? आपला उजवा तोच उजवा. देवी आपल्याला कळंल असंच बोलंल ना? ती काय उलटं बोलनार हाय?"

"अण्णा, मग बीडला जायचं?" वैष्णवीनं विचारलं.

"जायचं! देवीचा हुकूम हाय!"

"आणि गुडघा?"

"लिफ्ट हाय की!"

पण तोवर शिवशंकर वेगळ्याच विचारात गढला होता. सरपंचकीचा अर्ज भरायच्या आधीही त्यानं इथंच कौल लावला होता. तेव्हाही उजवा पडला होता. सात वर्षं त्याच्या छातीत एक काटा होता: देवीनं हो म्हटलं, तरी गावानं पाडलं. म्हणजे देवीपेक्षा गाव मोठं? आणि आता एकदम सगळं लख्ख झालं. देवीनं तेव्हा 'उभा राहू नकोस' असंच सांगितलं होतं! गावानं त्याला पाडलंच नव्हतं. गावानं फक्त देवीचं ऐकलं होतं.

"वैष्णवी बरोबर म्हनतीय," शिवशंकर म्हणाला. आवाजात सात वर्षांनी आलेला गोडवा होता. "देवीचा उजवा तो उजवा. माझ्या इलेक्शनचा कौल नकारच होता."

"मग बीडला नाही जायचं?"

यावर शिवशंकर थांबला. निवडणूक वाचवावी तर फ्लॅट जात होता. फ्लॅट वाचवावा तर निवडणूक पुन्हा हरावी लागत होती.

"बीडचं... बघू," तो म्हणाला.

"बघू कसं? अर्ध्या तासापूर्वी तू जायचं म्हनत होतास!" अण्णा भडकले.

"आन् तुमी नगं म्हनत होता!"

"माझ्या लग्नाचा सवाल हाय!"

"माझ्या इज्जतीचा हाय!"

"आन् विहिरीचं काय?" बंकटनं मध्येच तोंड घातलं. "खालच्या रानात विहीर खांदावी का इचारलं तवा उजवा पडला, आन् पाणी लागलं का न्हाई? देवी न्हाई म्हनली असती तर पाणी लागलं असतं का?"

वैष्णवीनं मोबाइलवर यादीच करायला घेतली. "विहीर, पाणी लागलं. इलेक्शन, हरलं. लग्न..." तिनं आजी-आजोबांकडं पाहिलं. "लग्नाचा निकाल काय लिहू?"

"खोड ते!" अण्णा म्हणाले.

भांडण पंख्याखालून पायरीवर गेलं आणि पायरीवरून परत आत आलं. गहिनीनाथ अण्णा मात्र हळूहळू त्यातून बाहेर पडले आणि एकटेच गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसले.

आयुष्यभर त्यांनी एक गोष्ट छाती फुगवून सांगितली होती: आमचं लग्न देवीनं लावलं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. कारखान्याच्या निरोपसमारंभात तर माइकवरून. दुसरं मिरवायला त्यांच्याकडं फारसं काही नव्हतं. आता देवीनं ते लावलंच नव्हतं. उलट अडवलं होतं. एकावन्न वर्षं ते देवीच्या मर्जीविरुद्ध सुखात होते.

"सुंदर," ते हळूच म्हणाले. चारचौघांत ते बायकोला नावानं कधी हाक मारत नसत. "तुला वाईट वाटलं का गं?"

"कशाचं?"

"कौलाचं. तुला कुनी सांगितलं असतं तर..."

"मला ठाऊक होतं."

अण्णांनी वर पाहिलं. भांडणही तिथंच थांबलं.

"माझं माहेर पालीचं," सुंदरबाई म्हणाल्या. वात वळायचं काम थांबलं नव्हतं. "आमच्याकडं देवाचा उजवा तोच उजवा धरतेत. मी हितंच, ह्या खांबामागं मायजवळ बसलते. दाना पडला तवाच कळलं. देवी न्हाई म्हनली."

"मंग तू बोलली कावून न्हाईस?"

"मला कुनी इचारलं?" त्यांनी वळलेली वात बाजूला ठेवली. "आन् तुमी त्या दिवशी निळा सदरा घातलता."

वैष्णवीनं शिट्टी मारली. देवळात शिट्टी मारू नये हे बंकटला सांगायचं होतं, पण आज त्याचा अधिकार जरा पातळ झाला होता. अण्णा वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी लाजले, आणि ते लपवायला त्यांना गुडघ्याशिवाय दुसरं काही सापडलं नाही.

"माय, मंग तू देवीचं ऐकलंच न्हाईस की!" शिवशंकर म्हणाला.

"न्हाईच ऐकलं. दुसऱ्या दिवशी ओटी भरायला आलते, तवा तिलाच म्हनले: बाई, तू न्हाई म्हनलीस, मी गप बसले. चूक माझी. पन मला टाकू नगंस. इथून पुडं रोज सकाळी तुला इचारीन, आज काय करू? तू सांगशील ते करीन."

"आणि ती सांगते?" वैष्णवीनं विचारलं. ती आता हसत नव्हती.

"रोज सांगती. दाने-बिने काई लागत न्हाईत. चूल पेटवता पेटवता काम म्होरं येऊन उभं ऱ्हातं. कवा म्हनती, सासूचे पाय दाब. कवा म्हनती, शेजारनीचं लेकरू तापलंय, जाऊन बस. तुझा बाप पडला त्या दिवशी म्हनली, आज ह्याला कुनी बोलू देऊ नगंस, आन् जिलबी कर."

शिवशंकरला ती जिलबी आठवली. ती कशासाठी होती हे त्याला सात वर्षांत कळलं नव्हतं.

"एकदा तर म्हनली, नवऱ्याची माफी माग."

"मंग?" अण्णा पुढं सरकले. "मागितलीस?"

"न्हाई. तेवढं एक ऱ्हायलंय."

अण्णा इतके हसले की त्यांना खोकला आला. कौल केव्हाच लागून गेला होता, म्हणून चाललं.

"मला तर असं वाटतंय," सुंदरबाई म्हणाल्या, "तिनं एकदा 'न्हाई' म्हनून बघितलं. पोरगी ऐकत न्हाई म्हनल्यावर मंग रोज हाताला धरून चालवलं. दानं तुमी मोठ्या मोठ्या गोष्टींना लावता. बारीकसारीक कामात ती काय म्हनती, ते कोन ऐकायचं?" आणि त्या एकदम मागं वळल्या. "संगीता, तुला कुनी इचारलं का गं?"

सगळे संगीताकडं वळले. ती देवळाच्या दाराबाहेर, एक पाय चपलेत घालून उभी होती.

"काय, आत्या?"

"बीडला जायचं का, ते."

"न्हाई," संगीता म्हणाली. बोलून टाकलं आणि मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "म्हंजे, कुनी इचारलं न्हाई. पन दुसऱ्याच गोष्टीचं इचारलं."

"कुनी?"

तिनं एकदा पायातल्या चपलेकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं, आणि मग ती देवीकडं बघूनच बोलली. ते तिला सोपं गेलं.

"मी शाळेत लेकरांचा सैपाक करते. एकोनीस दिवस झाले. दुसऱ्याच दिवशी वरण वाढत होते, तर ऋतुजा म्हनून एक पोरगी हाय दुसरीतली, ती ताट धरून उभी. वरण घेईना. म्हनली, काकू, आदी सांगा, उद्याबी तुमीच येनार का? आय-बाप कारखान्यावर गेलेत तिचे. रोज नवीन मानूस येतंय, रोज नवीन जातंय." संगीतानं पायातली चप्पल सरळ केली. "तुमी सगळे देवीला इचारता. मला तर असं वाटलं, देवीनंच मला इचारलं. मी व्हय म्हनले. कुनाला न इचारता म्हनले. जल्मात पैल्यांदा."

सुंदरबाईंनी वाती बाजूला ठेवल्या.

"रोज घरी येते तवा पाय दुखतेत," ती म्हणाली. "पन बाकीचं काईच दुखत न्हाई. मला ठाऊकच नव्हतं, मानसाला असंबी वाटतंय."

शिवशंकरनं घसा साफ केला. भाषणाच्या आधी तो असाच करायचा, पण भाषण आलं नाही. "मला कावून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं. तीन येळा सांगितलं. तुमी तिनी येळा फोनवर 'व्हय साहेब' म्हनलात. मला वाटलं, परवानगी दिली."

चाँदभाई पायरीवर फिदकन हसला आणि मग क्रेट मोजत असल्याचं सोंग त्यानं पुन्हा वठवलं.

"मोहनराव म्हनतेत, पाडव्यापर्यंत घ्या. आज सांगायचंय. तुमाला बीडला जायचं असंल तर तुमी जावा. मी अडवत न्हाई. शनिवारी डबा पाठवीन. पन मी त्या पोरीला व्हय म्हनलेय." तिनं दुसरा पाय चपलेत घातला. "साडेचार झाले. मी येते, आत्या."

तिचं आजवरचं सगळ्यात लांब बोलणं ते. ती पायऱ्या उतरली. सरळ शाळेच्या रस्त्याला लागली.

शिवशंकर खांबापाशी उभा राहिला. डोक्यात त्याला ती गॅलरी दिसत होती: तिसरा मजला, चिंच, फाटक, वॉचमन. संध्याकाळची वेळ. फाटक बंद. गॅलरीत तो एकटा. आणि एकाएकी त्याला वाटलं की त्या गॅलरीतून साहेबांना तो कधीच दिसणार नाही. फक्त त्याला वॉचमन दिसत राहील. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. असं आपलं समोर येऊन उभं राहिलं.

तो तरातरा बाहेर गेला. जीपचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला.

"रागावला," अण्णा म्हणाले.

"न्हाई रागावला," सुंदरबाई म्हणाल्या. "रागावला की तो आदी पंखा चालू करतो."

जीप संगीताला शाळेच्या रस्त्यावर बाभळीपाशी गाठून थांबली. शिवशंकरनं पुढचा दरवाजा आतून उघडला. त्या सीटवर तेवीस वर्षांत संगीता एकदाही बसली नव्हती. ती कार्यकर्त्यांची असायची.

"बस," तो म्हणाला.

"दोन मिन्टांचा रस्ता हाय वो. चालत जाते."

"बस म्हनतोय ना. काय काय करायचंय आज?"

"वरण, भात, भाकरी. कांदे चिरायचेत पाच किलो."

"कांदे मी चिरतो."

"तुमाला येत न्हाई."

"शिकतो," शिवशंकर म्हणाला. त्यानं गिअर टाकला. जीप शाळेकडं निघाली.

कांदे चिरताना तो रडला. कांदे होते म्हणून बरं झालं. मागोमाग चाँदभाईचा टेम्पो आला. त्यात सुंदरबाई पुढं बसल्या होत्या आणि अण्णा मागं, सीताफळांच्या क्रेटवर, गुडघे पोटाशी घेऊन. "ही चार क्रेट पाटोद्याला न्हाई जात," चाँदभाई खाली उतरत म्हणाला. "पिकलेली हायत. उद्यावर टिकनार न्हाईत." सगळी फळं अजून कच्ची होती हे अण्णांना माहीत होतं, पण दोस्ताला खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं. लेकरांनी ती तांदळाच्या कोठीत पिकत घातली.

मोहनराव सहाला आले. "वहिनी, मग काय ठरलं?"

"पाडव्यापर्यंत," संगीता भाकरी थापता थापता म्हणाली. एवढंच. मोहनरावांनी वहीत तिचं नाव लिहिलं, आणि ते नीट लिहिलं का हे बघायला ती पिठाच्या हातानं उठून गेली. नीट होतं.

सातला पंगत बसली. त्रेचाळीस ताटं, दोन रांगा. वैष्णवी भात वाढत होती, शिवशंकर वरणाची बादली घेऊन फिरत होता. त्याला वाढायची सवय नव्हती, माणसांच्या रांगेसमोरून फिरायची मात्र होती, आणि पंधरा वर्षांची सवय अशी सुटत नाही. पहिल्या ताटात वरण पडलं तसे त्याचे हात जोडले गेले आणि मान लवली. समोरच्या पोरानं आ वासून पाहिलं आणि मग आपलेही हात जोडले. दुसऱ्या ताटाला तसंच. तिसऱ्याला पोरं आधीच हात जोडून तयार होती. चौथ्यापाशी सगळी रांग खिदळायला लागली. त्रेचाळीस जणांत एकालाही मत नव्हतं, आणि अजून कित्येक वर्षं कुणाला मिळणार नव्हतं. तरी शिवशंकर प्रत्येकापुढं थांबून, वाकून, मनापासून नमस्कार करत चालला होता, आणि प्रत्येक जण त्याला तो परत करत होता. इतकं एकमत त्याला आजवर कुठल्याच वॉर्डात मिळालं नव्हतं.

खिशात फोन वाजायला लागला. पडद्यावर साहेबांचं नाव असणार.

"काका, फोन," एक पोरगी म्हणाली. दोन वेण्या, ताट दोन्ही हातांनी धरलेलं.

"वाजू दे. तू आदी वरण घे," तो म्हणाला, आणि तिला वाढायच्या आधीच बादली खाली ठेवून पुन्हा हात जोडायला लागला.

"अवो," चुलीकडून संगीताचा आवाज आला. तवा उतरवताना ती हसत होती, आणि ते लपवावं असं तिला वाटत नव्हतं. "नमस्कार पुरे झाले. हात मोकळे ठेवा. मागची रांग उपाशी हाय."